उंदरीण आई होते तेव्हा तिच्या मेंदूत काय घडतं?

उंदराचं नवजात पिल्लू म्हणजे जेमतेम ग्रॅम-दीड ग्रॅमचा गुलाबी जीव. अंगावर केस नाहीत, डोळे मिटलेले, कान अजून उघडलेले नाहीत. अंगातली ऊब स्वतः टिकवणं त्याला जमत नाही, त्यामुळे भावंडांच्या गराड्यातून बाजूला पडलं की ते गार पडायला लागतं. मग ते ओरडतं. आपण अगदी शेजारी बसलो असलो तरी आपल्याला काही ऐकू येत नाही, कारण माणसाचा कान साधारण २० किलोहर्ट्झपर्यंतच पोचतो आणि ही हाक बहुतेक ४० ते ८० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असते. १९५६ साली झिपेलिउस आणि श्लाइट या दोघांनी ती यंत्राने नोंदवली.

आईला मात्र ती ऐकू येते. दूध पाजता पाजता ती थबकते, मान वळवते, घरट्यातून उठून थेट पिल्लाकडे जाते. त्याला हुंगते, दोन-तीनदा चाटते, पाठीची कातडी अलगद दातांत धरते, पकड नीट बसली नाही तर खाली ठेवून पुन्हा धरते आणि तोंडातून घरट्यात आणून सोडते. बाहेर आणखी पिल्लं असतील तर एकामागून एक सगळी आणते. हे सगळं करायला तिला कुणी शिकवलेलं नसतं. पहिलटकरीणसुद्धा व्याल्यावर थोड्याच वेळात हे करू लागते.

आता तेच पिल्लू कधीच न व्यालेल्या मादीपुढे ठेवा. प्रयोगशाळेतली मोठ्या जातीची मादी असेल तर ती नाक पुढे करते, हुंगते आणि मागे सरते. पिल्लाच्या बाजूला फिरकतही नाही. रानातल्या उंदराचा नर असेल तर बहुधा चावून मारून टाकतो. पिल्लू तेच, वास तोच, हाक तीच, आणि तीन जनावरांची तीन तऱ्हेची वागणूक. फरक बघणाऱ्याच्या मेंदूत आहे. तो नेमका कुठे आणि कसला, हे शोधण्यात संशोधकांची गेली साठेक वर्षं गेली आहेत.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट ठरवून टाकू. प्रयोगशाळेत दोन जातींचे उंदीर वापरतात, मोठे रॅट आणि लहान माऊस. दोघांत महत्त्वाचे फरक आहेत, म्हणून इथे मोठ्याला रॅट आणि लहानाला नुसतं उंदीर म्हणतो.

यंत्रणा सगळ्यांच्याच डोक्यात असते

साधा तर्क असा की बाळंतपणात संप्रेरकं उसळतात, त्यांच्यामुळे आईपण ‘येतं’, आणि ज्यांच्या अंगात ती संप्रेरकं नाहीत त्यांच्यात ते नसतं. या तर्काला पहिला मोठा धक्का १९६७ साली बसला. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाचे जे रोझनब्लाट यांनी कधीच न व्यालेल्या रॅट माद्यांच्या पिंजऱ्यात पिल्लं ठेवायला सुरुवात केली. या माद्यांना दूध नसतं, म्हणून पिल्लं उपाशी राहू नयेत यासाठी ती रोज बदलली जात. पहिले काही दिवस माद्या पिल्लांना टाळत राहिल्या. मग हळूहळू त्यांच्याजवळ झोपू लागल्या. साधारण पाच ते सात दिवसांनी त्या पिल्लं उचलून घरट्यात आणायला लागल्या, त्यांना चाटायला लागल्या, एवढंच काय, पाठीची कमान करून दूध पाजायच्या पवित्र्यात पिल्लांवर उभ्या राहायला लागल्या. दूध नसताना!

रोझनब्लाट यांनी काही माद्यांचे अंडाशय काढले होते, काहींची पीयूष ग्रंथी काढली होती. तरी परिणाम तोच. नरांमध्येही तोच.

याचा अर्थ सरळ आहे. पिल्लं सांभाळण्याची यंत्रणा बाळंतपणात नव्याने तयार होत नाही. ती मादीत आधीपासून असते, नरातही असते, फक्त दबलेली असते. सततच्या सहवासाने ती सावकाश मोकळी होते. मग संप्रेरकांचं काम काय? तर हेच, आठवडाभराचं काम काही तासांवर आणणं. रानात पाच दिवस वाट बघायला पिल्लांना सवड नसते.

ते सिद्ध करणारा प्रयोगही रोझनब्लाट यांच्याच गटाचा. १९६८ साली त्यांनी टर्केल या सहकाऱ्यासोबत नुकत्याच व्यालेल्या मादीच्या रक्तातला द्रव न व्यालेल्या माद्यांना टोचला, तर त्या लवकर पिल्लांकडे वळल्या. पुढे त्यांनी बाळंतीण आणि न व्यालेली मादी यांचं रक्त नळ्यांतून एकमेकींत खेळतं ठेवलं. तेव्हा दुसरी मादी एका दिवसाच्या आत आईसारखी वागू लागली. म्हणजे रक्तात काहीतरी होतं.

ते ‘काहीतरी’ म्हणजे एकच पदार्थ नव्हे, तर चढउतारांचा एक क्रम. गाभणपणात प्रोजेस्टेरॉन बराच काळ वर असतं आणि शेवटी झपाट्याने खाली येतं. त्याच सुमाराला इस्ट्रोजेन चढतं. प्रोलॅक्टिन आणि वारेतून येणारी त्याच्या जातकुळीतली संप्रेरकं मेंदूपर्यंत पोचतात. प्रत्यक्ष विताना ऑक्सिटोसिन सुटतं. यातलं एकेक वेगळं काढून टोचलं तर परिणाम अर्धवट येतो. क्रम जुळवून दिलं तर न व्यालेली मादीही लवकर तयार होते.

डोळ्यांच्या नसांच्या वरचा एक लहानसा भाग

हे सगळं मेंदूत कुठे जाऊन लागतं? मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस असतो. भूक, तहान, झोप, अंगाचं तापमान, लैंगिक वागणूक यांची सूत्रं तिथे आहेत. डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या थोडं वर आणि पुढे हायपोथॅलॅमसचा जो भाग आहे त्याला मिडियल प्रीऑप्टिक एरिया म्हणतात. नाव लांबलचक आहे, म्हणून संशोधकांप्रमाणे आपणही त्याला एमपीओए म्हणू.

१९७४ साली मायकल न्यूमन यांनी बाळंतीण रॅट माद्यांमध्ये एमपीओए निकामी केला. त्या माद्यांनी पिल्लं उचलणं थांबवलं, घरटं बांधणं थांबवलं. मादी आजारी झाली असेल, जबडा चालत नसेल, अशी शंका येणं साहजिक होतं. पण त्या खातपीत होत्या, हिंडत होत्या. पुढच्या एका प्रयोगात तर असं दिसलं की अशा माद्या पिल्लाएवढ्या आकाराचे गोड खाऊचे तुकडे बिनदिक्कत तोंडात धरून आणतात. पिल्लं तेवढी आणत नाहीत. मला हा बारकावा फार बोलका वाटतो. उचलायची ताकद शाबूत, उचलायचं कौशल्य शाबूत. ‘हे पिल्लू आहे आणि ते मला आणायचं आहे’ एवढंच नेमकं गेलेलं.

निकामी करून पाहणं ही जुनी रीत झाली. त्यापेक्षा कमी धसमुसळी रीत म्हणजे कोणत्या पेशी कामाला लागल्या ते पाहणं. चेतापेशी जोरात काम करू लागली की तिच्यात सी-फॉस नावाचं प्रथिन तयार होतं. मादीला पिल्लांसोबत ठेवायचं, तासा-दीड तासाने मेंदूचे पातळ काप घ्यायचे आणि या प्रथिनाला रंग द्यायचा. पिल्लं सांभाळणाऱ्या माद्यांचा एमपीओए अशा कापांत ठिपक्यांनी भरलेला दिसतो. योगायोग असा की याच कुटुंबातलं फॉस-बी हे जनुक बंद केलेले उंदीर बॉस्टनमध्ये मायकल ग्रीनबर्ग यांच्या गटाने तयार केले, तेव्हा त्यांच्या पिल्लांचा एक-दोन दिवसांत मृत्यू होऊ लागला. पिल्लांत दोष नव्हता. दुसऱ्या आईकडे दिली तर ती जगत. आया पिल्लांना हुंगत, पण गोळा करत नसत. १९९६ साली हे प्रसिद्ध झालं आणि एका जनुकाच्या अभावाने इतकं विशिष्ट वागणं कोलमडू शकतं, याचा तो ठसठशीत नमुना ठरला.

न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठाच्या गटाने २०१७ मध्ये आणखी नेमकेपणाने हात घातला. प्रोलॅक्टिनला प्रतिसाद देणारे रिसेप्टर, म्हणजे पेशींमधली त्याला ओळखणारी प्रथिनं, त्यांनी फक्त एमपीओएमधून काढले. माद्या गाभण राहिल्या, व्याल्या, आणि मग त्यांनी पिल्लांना वाऱ्यावर सोडलं. रक्तातलं प्रोलॅक्टिन जागेवर होतं. ते ऐकणारं एमपीओएमध्ये कुणी उरलं नव्हतं.

गॅलॅनिनच्या पेशी, आणि बाप होणारा नर

एमपीओएमध्ये अनेक जातींच्या चेतापेशी गुण्यागोविंदाने राहतात. त्यातल्या काही तापमान सांभाळतात, काही समागमाशी जोडलेल्या आहेत. सगळ्यांना एकाच वेळी मारून टाकलं तर नेमकं काय कुणामुळे झालं ते कळत नाही. हार्वर्डमधल्या कॅथरीन ड्युलॅक यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवलं की पिल्लं सांभाळताना जागृत होणाऱ्या पेशींपैकी बऱ्याचशा गॅलॅनिन नावाचा रेणू बनवतात. फक्त या पेशी नष्ट केल्या तर माद्यांची पिल्लांची काळजी ढासळते, आणि बाप झालेल्या नरांचीही.

उलट प्रयोग जास्त थक्क करणारा होता. शेवाळापासून मिळणारं एक प्रकाशसंवेदी प्रथिन हव्या त्या पेशींत बसवता येतं. मग मेंदूत घातलेल्या बारीक तंतूतून प्रकाश सोडला की तेवढ्याच पेशी पेटतात, म्हणजे कामाला लागतात. पिल्लांवर तुटून पडणाऱ्या अननुभवी नरांमध्ये गॅलॅनिनच्या पेशी अशा पेटवल्या, तर हल्ला थांबला आणि नर पिल्लाला चाटू लागला.

नराची गोष्ट इथे थोडी थांबून सांगण्यासारखी आहे. कधीही समागम न केलेला नर अनोळखी पिल्लू दिसलं की मारतो. यात क्रौर्य शोधण्यात अर्थ नाही. पिल्लू गेलं की आईचं दूध पाजणं थांबतं, ती लवकर पुन्हा माजावर येते आणि नराला स्वतःची पिल्लं होण्याची संधी मिळते. पण हाच नर समागमानंतर साधारण तीन आठवड्यांनी पिल्लं सांभाळू लागतो. उंदरिणीचं गाभणपणही तेवढंच असतं. म्हणजे त्याची स्वतःची पिल्लं जन्माला येण्याच्या सुमाराला त्याचा मेंदू पलटलेला असतो, आणि त्याला गर्भ नाही, वार नाही, बाळंतपण नाही.

हल्ला करायचा इशारा त्याला बराचसा नाकातून येतो. उंदराच्या नाकात नेहमीच्या वासाखेरीज सजातीयांचे रासायनिक इशारे टिपणारा एक वेगळा अवयव असतो, व्होमेरोनेजल अवयव. त्याचा संदेश मेंदूपर्यंत पोचू दिला नाही तर अननुभवी नरसुद्धा पिल्लांवर हल्ला न करता त्यांची काळजी घेऊ लागतात.

एक केंद्र, वेगवेगळ्या वाटा

२०१८ साली ड्युलॅक यांच्याच प्रयोगशाळेतून योहानेस कोल आणि सहकाऱ्यांचं काम आलं. या विषयातलं माझं सगळ्यात आवडतं काम हे. गॅलॅनिनच्या पेशी साऱ्या मेंदूभर तंतू पाठवतात. पण एकेक पेशी सगळीकडे तंतू पाठवत नाही. साधारणपणे एका गटाचे तंतू एका ठिकाणी जातात. मग त्यांनी प्रत्येक गट वेगळा पेटवून आणि वेगळा दाबून पाहिला.

मेंदूच्या मधल्या भागात पेरिॲक्विडक्टल ग्रे नावाचा पट्टा आहे. तिकडे जाणारा गट पेटवला की पिल्लाला चाटणं-पुसणं वाढतं. दुसरा गट व्हेंट्रल टेगमेंटल एरियात जातो, जिथे डोपामिन या ओढ लावणाऱ्या रेणूच्या पेशी असतात. तो पेटवला की जनावर पिल्लांपर्यंत पोचण्यासाठी मधला अडथळा पुन्हा पुन्हा चढून जातं, पण पोचल्यावर चाटण्यात काही वाढ होत नाही. तिसरा गट अमिग्डला या भावनांशी जोडलेल्या केंद्राच्या एका भागात जातो आणि तो पेटवल्याने पिल्लांशी वागण्यात फरक पडत नाही, तर इतर प्रौढ उंदरांमधला रस कमी होतो. पिल्लं लहान असताना आजूबाजूच्या नर-माद्यांच्या मागे लागण्यात वेळ जाऊ नये, असा तो बंदोबस्त.

म्हणजे ज्याला आपण एका शब्दात माया म्हणून मोकळे होतो, तिचे इथे तुकडे पडतात: करायची कृती वेगळी, करण्याची ओढ वेगळी, बाकीच्या गोष्टींकडचं दुर्लक्ष वेगळं. प्रत्येकाची तार वेगळी आणि टोक एकाच जागी. आईच्या वागण्यात एखादीच गोष्ट बिघडलेली का दिसू शकते, हे यातून समजतं.

ओढीच्या तारेबद्दल आणखी थोडं. १९६९ साली विल्सनक्रॉफ्ट यांनी रॅट मातांना एक कळ दिली. कळ दाबली की घसरगुंडीवरून एक पिल्लू खाली येई. माता कळ दाबत, पिल्लू घरट्यात नेत, परत येऊन कळ दाबत. असं त्यांनी शेकडो वेळा केलं. पुढे दुसऱ्या संशोधकांनी मातांना दोन खोल्यांपैकी एक निवडायला दिली, एक पिल्लांशी जोडलेली आणि एक कोकेनशी. व्याल्यानंतर आठव्या दिवशी बऱ्याच मातांनी पिल्लांची खोली निवडली. सोळाव्या दिवसापर्यंत कल कोकेनकडे झुकला होता. तोवर पिल्लांना केस आलेले असतात, डोळे उघडलेले असतात, ती स्वतः हिंडूफिरू लागलेली असतात. ओढ कमी होणं हाही यंत्रणेचाच भाग आहे.

दोन्ही पारडी एकाच मेंदूत

‘जवळ जा’ सांगणाऱ्या पेशी सापडल्या, तर ‘दूर राहा’ किंवा ‘मारून टाक’ सांगणाऱ्याही असणार. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या दायू लिन यांच्या गटाने २०२३ मध्ये माद्यांमधल्या अशा पेशी दाखवल्या. एमपीओएच्या जवळच बेड न्यूक्लियस ऑफ द स्ट्रिआ टर्मिनॅलिस नावाचा भाग आहे. त्याच्या मागच्या बाजूच्या, इस्ट्रोजेनला प्रतिसाद देणाऱ्या पेशी पेटवल्या की मादी पिल्लांवर हल्ला करते. दाबल्या की हल्ला थांबतो. या पेशी आणि एमपीओएतल्या पेशी एकमेकींना दाबतात. तराजूच्या पारड्यांसारखं एक वर गेलं की दुसरं खाली. पिल्लं मारणारी मादी आई झाली की एमपीओएच्या पेशी सहज पेटणाऱ्या होतात आणि हल्ल्याच्या पेशी मंदावतात.

आता रोझनब्लाट यांच्या माद्यांकडे वळून पाहिलं तर त्यांचे पाच-सात दिवस कशात जात होते याचा अंदाज येतो. पिल्लांकडे जायची ओढ आणि त्यांच्यापासून दूर राहायची ओढ या दोन्ही त्यांच्यात होत्या. सवयीने दुसरी हळूहळू क्षीण होत होती. याला पुरावाही आहे. न व्यालेल्या रॅट मादीची वासाची जाणीव बंद केली तर ती कितीतरी लवकर पिल्लांजवळ जाते, कारण तिला दूर ठेवणारा तो वासच असतो.

पण लगेच सगळ्या उंदीरवर्गाला हा नियम लावू नका. लहान उंदरांमध्ये नेमकं उलट होतं. त्यांच्यातल्या माद्यांचे वास टिपणारे भाग काढले की त्या पिल्लं सांभाळत नाहीत, बऱ्याचदा मारून खातात. त्यांना पिल्लू ओळखायला वासच लागतो. शिवाय प्रयोगशाळेत पिढ्यान्पिढ्या वाढलेल्या उंदरिणी न व्यालेल्या असल्या तरी बऱ्यापैकी मायाळू असतात. रानातल्या तशा नसतात. ‘उंदरांमध्ये असं दिसलं’ हे वाक्य वाचताना कोणते उंदीर, रानातले की पिंजऱ्यातले, हे विचारावं ते यासाठी.

संप्रेरकं हे पारडं कसं झुकवतात याचा बारीक तपशीलही २०२३ मध्येच पुढे आला, लंडनच्या फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूटमध्ये स्वतःची प्रयोगशाळा उभारलेल्या कोल यांच्याकडून. गॅलॅनिनच्या पेशींवर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन दोन्ही काम करतात, पण वेगवेगळं. इस्ट्रोजेनमुळे पेशींची मूळची कुरबुर शांत होते आणि इशारा आला की त्या जास्त जोरात पेटतात. प्रोजेस्टेरॉनमुळे या पेशींना इतर पेशींकडून मिळणाऱ्या जोडण्या वाढतात. या पेशींमधले संप्रेरकांचे रिसेप्टर काढून टाकले तर गाभणपण पार पडूनही आईपणाचं वागणं नीट उमटत नाही. हे बदल व्याल्यानंतर नव्हे, गाभणपणातच सुरू होतात. पिल्लं पोटात असतानाच उंदरीण परक्या पिल्लांशीही वेगळी वागू लागलेली असते. आणि प्रोजेस्टेरॉनने घडवलेले काही बदल व्याल्यानंतर महिनाभरानेही पुसले गेलेले नसतात. एकदा पिल्लं सांभाळलेली मादी दुसऱ्या वेताला कमी अडखळते, त्यामागे असं काही असणार.

हाक कानात शिरते ती कशी

सुरुवातीच्या हाकेकडे येऊ. न व्यालेल्या उंदरिणीच्या कानालाही ती हाक ऐकू येते. तरी ती उठत नाही. रॉबर्ट फ्रोमके यांच्या न्यूयॉर्कच्या प्रयोगशाळेत बियांका मार्लिन यांनी २०१५ मध्ये दाखवलं की फरक मेंदूच्या श्रवण कॉर्टेक्समध्ये, म्हणजे आवाज समजून घेणाऱ्या बाहेरच्या थरात आहे, आणि तोही प्रामुख्याने डाव्या बाजूच्या. डावी बाजू औषधाने बधिर केली की अनुभवी आई पिल्लं उचलून आणण्यात चुकते. डाव्या बाजूला ऑक्सिटोसिनचे रिसेप्टरही जास्त आहेत.

चेतापेशीला एकाच वेळी दोन तऱ्हेचे संदेश येतात: पेट, आणि थांब. हाक ऐकल्यावर आईच्या श्रवण कॉर्टेक्समध्ये हे दोन्ही एकमेकांशी चोख जुळलेले असतात, त्यामुळे हाकेच्या प्रत्येक तुकड्याला पेशी ठरलेल्या क्षणी ठोका देते. न व्यालेल्या मादीत ते जुळलेले नसतात. प्रतिसाद विस्कळीत असतो, ऐकू येऊनही हाकेला आकार नसतो. हाक ऐकवता ऐकवता तिथे ऑक्सिटोसिन सोडलं, तर काही तासांत या पेशी आईच्या पेशींसारखा प्रतिसाद देऊ लागतात. ऑक्सिटोसिन आधी ‘थांब’चा संदेश सैल करतं, मग दोन्ही हळूहळू नव्याने जुळतात. एकदा जुळल्यावर तिथे ऑक्सिटोसिनची रोज गरज पडत नाही.

कान एकटा काम करत नाही. २०११ साली अदी मिझराही यांच्या गटाने दाखवलं होतं की पिल्लांचा वास नाकाशी असताना आईच्या श्रवण कॉर्टेक्सचा आवाजांना मिळणारा प्रतिसाद बदलतो. आणि २०२३ मध्ये फ्रोमके यांच्याकडच्या सिल्व्हाना वाल्चेवा यांनी हाकेपासून ऑक्सिटोसिनपर्यंतची वाट शोधली. थॅलॅमस या इंद्रियांचे संदेश पुढे पाठवणाऱ्या भागाच्या मागच्या एका छोट्या केंद्रातून ती हायपोथॅलॅमसमधल्या ऑक्सिटोसिन बनवणाऱ्या पेशींपर्यंत जाते. एखाद-दुसऱ्या हाकेने या पेशी हलत नाहीत. साधारण अर्धा मिनिट हाका चालू राहिल्या तर त्यांच्यावरचा अटकाव सुटतो. क्षुल्लक कुरकुर आणि खरी अडचण यांतला फरक मेंदू असा करत असावा.

या गटाच्या कामातला एक भाग मला गमतीचा वाटतो. न व्यालेल्या मादीला आई आणि पिल्लांसोबत एका पिंजऱ्यात ठेवलं तर ती पिल्लं आणायला शिकते हे ठाऊक होतं. पिंजऱ्याचं दिवसरात्र चित्रीकरण केल्यावर दिसलं की आई तिला अक्षरशः ढकलत, हाकत घरट्याकडे नेते. तसंच, पारदर्शक पडद्यामागून नुसतं आईला पाहणारी मादीही पुढे पिल्लं आणायला शिकते. पडदा अपारदर्शक असेल तर नाही. आई काय करते ते पाहताना या मादीच्या ऑक्सिटोसिनच्या पेशी जाग्या होत असतात. योआना कार्चेआ आणि सहकाऱ्यांचं हे काम २०२१ सालचं.

एवढं वाचून ऑक्सिटोसिनला ‘प्रेमाचं संप्रेरक’ म्हणायचा मोह होईल. पुष्कळ लोक म्हणतातही. मला ते बिरुद पटत नाही. १९७९ साली पीडरसन आणि प्रँज यांनी रॅटच्या मेंदूत ऑक्सिटोसिन टोचून न व्यालेल्या माद्यांमध्ये आईपण लवकर आणलं होतं, हे खरं. पण १९९६ साली ऑक्सिटोसिन मुळातच बनवू न शकणाऱ्या उंदरिणी तयार झाल्या. त्या गाभण राहिल्या, व्याल्या, त्यांनी पिल्लं गोळा केली, त्यांना पोटाशी घेतलं. पिल्लं मेली ती भुकेने, कारण ऑक्सिटोसिनशिवाय दूध पान्ह्याला येत नाही. म्हणजे दुधासाठी ऑक्सिटोसिनला पर्याय नाही. वागणुकीसाठी ते वेग वाढवणारं आहे आणि इतर वाटाही आहेत. ज्या कामावर पिल्लाचा जीव अवलंबून आहे ते एकाच रेणूवर टांगलेलं नसावं, यात नवल नाही.

माणसाबद्दल एवढंच म्हणता येईल की हायपोथॅलॅमसचे हे भाग आपल्यातही आहेत आणि संप्रेरकंही तीच आहेत. माणसाच्या मेंदूत पेशी पेटवून-विझवून पाहता येत नाही. असतात त्या प्रतिमा. २०१७ मध्ये एल्सेलिन हूकझेमा यांच्या गटाने पहिल्यांदा आई होणाऱ्या बायकांचे गर्भारपणाआधीचे आणि नंतरचे मेंदू तपासले, तर काही भागांतलं करडं द्रव्य, म्हणजे चेतापेशींनी भरलेला भाग, घटलेलं आढळलं आणि ते दोन वर्षांनंतरही तसंच होतं. घट म्हणजे ऱ्हास असं समजू नये. नको असलेल्या जोडण्या छाटल्या जाणं वाढत्या वयातही घडतं.

चाटण्याचा हिशेब

शेवटचा भाग आईच्या मेंदूकडून पिल्लाच्या मेंदूकडे जातो. नवजात पिल्लाला चाटणं ही नुसती स्वच्छता नसते. आईने मागच्या बाजूला चाटल्याशिवाय त्याला लघवीसुद्धा होत नाही. पण किती चाटायचं यात रॅट मातांमध्ये मोठा फरक असतो. काही भरपूर चाटतात, काही थोडं. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या मायकल मीनी यांनी हा फरक मोजायचं किचकट काम हाती घेतलं.

भरपूर चाटल्या गेलेल्या पिल्लांना मोठेपणी ताण कमी चढतो आणि लवकर उतरतो. त्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूच्या स्मृतीशी जोडलेल्या भागात, ताणाच्या संप्रेरकाचे रिसेप्टर जास्त असतात, त्यामुळे ‘आता पुरे’ हा निरोप लवकर जातो. २००४ साली मीनी, मोशे झिफ आणि इयन वीव्हर यांनी यामागचं कारण डीएनएपर्यंत नेलं. कमी चाटल्या गेलेल्या पिल्लांत या रिसेप्टरच्या जनुकाच्या सुरुवातीच्या भागावर मिथाइल नावाचे रासायनिक गट चिकटलेले असतात आणि जनुक कमी वाचलं जातं. जनुकाची अक्षरं तीच, वाचन वेगळं. हे रक्तातून आलं की संगोपनातून, हे तपासायला पिल्लांची अदलाबदल केली, तर पिल्लं सांभाळणाऱ्या आईवर गेली, जन्म देणाऱ्या आईवर नव्हे.

भरपूर चाटल्या गेलेल्या मादी पिल्लांना पुढे स्वतःची पिल्लं झाली की त्याही भरपूर चाटतात. २००६ मध्ये फ्रान्सिस शाँपेन यांनी मीनी यांच्यासोबत त्याचं स्थळ शोधलं. ते एमपीओएच निघालं. कमी चाटल्या गेलेल्या माद्यांच्या एमपीओएमध्ये इस्ट्रोजेनच्या एका रिसेप्टरच्या जनुकावर जास्त मिथाइल गट आणि म्हणून रिसेप्टर कमी. अशी मादी मोठी होऊन गाभण राहते, शेवटी इस्ट्रोजेन नेहमीसारखं चढतं, पण एमपीओए त्याला जेमतेम प्रतिसाद देतो आणि पिल्लांना चाटणं थोडक्यात आटोपतं. तीच मादी जन्मल्या जन्मल्या भरपूर चाटणाऱ्या आईच्या घरट्यात ठेवली असती तर तिच्या एमपीओएमध्ये हे रिसेप्टर जास्त भरले असते.